पाच वेली देऊळ, पाच वेली तळं

(पहाट. कमलालयम तळं. पहिले दहा सेकंद फक्त पाण्याचा आवाज.)

तमिळ मुलखात एक जुनं वचन आहे. चिदंबरमचं दर्शन घेतलं की मोक्ष, अरुणाचलाचं स्मरण केलं की मोक्ष, काशीत देह ठेवला की मोक्ष. आणि तिरुवारूरला नुसतं जन्माला आलं की मोक्ष.

हे ते तिरुवारूर. तंजावरपासून साठेक किलोमीटर पूर्वेला, कावेरीच्या भातशेतीत. समोर दिसतंय ते कमलालयम. गावात म्हणतात, पाच वेली देऊळ, पाच वेली तळं. वेली हे इथलं जमीन मोजायचं जुनं माप. देवळाला जेवढी जागा, तेवढीच पाण्याला.

या गावात अवघ्या चौदा वर्षांत तीन मुलं जन्मली. १७६२ मध्ये श्यामा शास्त्री. १७६७ मध्ये त्यागराज. आणि मन्मथनाम संवत्सराच्या फाल्गुनात, कृत्तिका नक्षत्रावर, म्हणजे १७७५-७६ च्या सुमारास, मुत्तुस्वामी दीक्षितर. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती म्हणतात ती हीच. तिघांचीही स्मारकं इथे आहेत, तिघांच्या जयंतीला इथे गाणं होतं.

त्यागराज पुढे तिरुवैयारूचे झाले, श्यामा शास्त्री तंजावरचे. दीक्षितर मात्र काशीपर्यंत जाऊन इथे परतले आणि त्यांनी हे गाव गाण्यात उतरवून ठेवलं. देवळातल्या देवतांवर, ओवरीतल्या गणपतींवर त्यांच्या कृती, म्हणजे गायच्या रचना, आहेत. हातात त्यांच्या कृतींची वही असली तर या देवळात वाट विचारावी लागत नाही.

(राजगोपुर, खालून वर. मग रथ.)

हा आळित्तेर, देवळाचा रथ. उंची सुमारे ९० फूट, वजन ३०० टनांच्या घरात. रथोत्सवात हजारो हात दोराला लागतात तेव्हा कुठे हा जागचा हलतो. दीक्षितरांनी लहानपणी या रथाची वाट पाहिली असेल ती याच चार रस्त्यांवर.

रथात बसतात ते त्यागराजस्वामी, म्हणजे शिव. संगीतकार त्यागराजांना नाव मिळालं ते या देवाचं. मूर्तीचा फक्त चेहरा दिसतो, बाकी सारं वस्त्रांनी आणि फुलांनी झाकलेलं. हा देव नाचतो, पण त्याचं नृत्य श्वासाच्या लयीवरचं. त्याला अजपा नटनम् म्हणतात. पालखी निघते तेव्हा वाहणारे भोई तीच लय खांद्यावर धरतात.

या देवापुढे एक मराठी राजा वेडा झाला होता. व्यंकोजीराजांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे पुतणे, तंजावरचे शहाजीराजे. राज्य १६८४ ते १७१२. आपल्या पदांत त्यांनी मुद्रा, म्हणजे कवीच्या सहीचं नाव, घातली ती स्वतःच्या नावाची नाही, ‘त्यागेश’ची. त्यांनी तेलुगूत रचलेलं ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ या मंदिरात सादर होत असे. मराठीतलं अगदी सुरुवातीचं नाटक ज्यांच्या नावावर सांगितलं जातं, तेच हे शहाजीराजे. तंजावरच्या भोसल्यांचा हा पैलू आपल्याकडे शाळेत शिकवायला हवा. दीक्षितर जन्मले त्या सुमारास मात्र तंजावर अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात होतं; दुसरे तुळजाराजे १७७६ मध्ये पुन्हा गादीवर आले.

(ओवरी. गणपतीची छोटी देवळी, समईचा उजेड.)

दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर. या देवळातल्या पूजेच्या वेळी कोणतं वाद्य कधी, कोणता राग कुठे, याची घडी त्यांनी बसवून दिली असं मानतात. आणि एक राग त्यांनी नव्याने घडवला. हंसध्वनी.

तिरुवारूर आणि आसपासच्या सोळा गणपतींवर मुलाने सोळा कृती रचल्या. त्यांतली ‘वातापि गणपतिं’ याच हंसध्वनीत आहे. वातापी म्हणजे बदामी. चालुक्यांची बदामी पडली तेव्हा पल्लवांचा सेनापती हा गणपती दक्षिणेत घेऊन आला, अशी आख्यायिका. बाप रागाचा कर्ता, मुलगा कृतीचा, आणि आज दक्षिणेत कितीतरी मैफली या एका गाण्याने सुरू होतात. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँसाहेबांनी हंसध्वनी हिंदुस्थानी संगीतात आणला. आपण तो ऐकतो तेव्हा रामस्वामींच्या घरातलंच काही ऐकत असतो.

तारुण्यात दीक्षितर मद्रासजवळच्या मणलीला राहिले, मग चिदंबरनाथ योगींच्या मागोमाग काशीला गेले. तिथे ध्रुपद कानावर पडलं. त्यांच्या कृती सावकाश, भारदस्त चालतात, त्याचं मूळ अनेक जाणकार त्या काशीच्या वर्षांत शोधतात.

(कमलांबेच्या देवळाचं प्रांगण. कॅमेरा दारापाशी थांबतो.)

आता या देवळाशी थोडं थांबू.

आत देवी कमलांबा आहे. मांडी घालून, योगासनात बसलेली. दीक्षितर श्रीविद्येचे, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेचे, उपासक. श्रीचक्र हे देवीचं यंत्र. त्याची नऊ आवरणं, म्हणजे वेढे, म्हणून नऊ कृती. आधी ध्यान तोडीत, शेवटी मंगल श्री रागात. एकूण अकरा.

शाळेत आपण संस्कृतच्या विभक्ती घोकल्या आहेत. देवः, देवम्, देवेन, देवाय. दीक्षितरांनी तीच वाट धरली. पहिली आवरणकृती प्रथमेत, ‘कमलांबा संरक्षतु’, कमलांबा रक्षण करो, राग आनंदभैरवी. दुसरी द्वितीयेत, ‘कमलांबां भज रे’, तिला भज, राग कल्याणी. तिसरीत तिच्याकडून, चौथीत तिला वंदन, पाचवीत तिच्याहून दुसरं श्रेष्ठ काही नाही, सहावीत तिचा, सातवीत तिच्या ठायी. आठवीत संबोधन: कमलांबिके! आणि नववीत, आहिरी रागात, सगळ्या विभक्ती एकत्र येतात. ‘श्री कमलांबा जयति’.

नीट पाहा काय झालं. पहिल्या दिवशी ती कर्ता आहे, समोर, थोडी दूर. आठव्या दिवशी आपण तिला हाक मारतो. व्याकरणाच्या पायऱ्या चढत चढत माणूस देवीच्या जवळ जातो. नवरात्रात या कृती रोज एक अशा गातात. ऐकणाऱ्याला संस्कृत येत नसलं तरी चालतं, पण येत असलं तर अंगावर काटा येतो.

शेजारच्या नीलोत्पलांबेसाठी निराळी युक्ती. तिथेही आठ विभक्ती, पण आठही राग गौळ नावाचे: रीतिगौळ, केदारगौळ, नारायणगौळ, मायामाळवगौळ… एकाच घरातली आठ भावंडं.

(पंचमुख वाद्य. वादकाचे हात, अगदी जवळून.)

हे पंचमुख वाद्य. धातूचा मोठा घडा, त्याला पाच तोंडं, प्रत्येकावर कातडं. मधलं मोठं, भोवती चार लहान. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष, ईशान, ही शिवाच्या पाच मुखांची नावं. वाजवायला काठी नाही. उघडे तळवे आणि बोटं. हात एका मुखावरून दुसऱ्यावर सरकतो तसा आवाज बदलतो, घुमत जातो.

मंदिरातल्या अशाच एका वादकासाठी दीक्षितरांनी गाणं रचलं. शुद्ध मद्दलम हे तालवाद्य वाजवणारे तंबियप्पन, त्यांचे शिष्य. पोटदुखीने हैराण झाले होते. पत्रिकेत गुरू वाईट, असं निघालं. दीक्षितरांनी अठाणा रागात बृहस्पतीची कृती रचून त्यांना गायला दिली आणि दुखणं गेलं, अशी कथा आहे. नवग्रहांच्या कृतींची सुरुवात तिथून झाली म्हणतात.

दुसरी शिष्या कमलम, मंदिरातली नर्तकी. गुरूच्या घरातली ओढाताण पाहून तिने आपले दागिने पुढे केले. दीक्षितरांनी ते घेतले नाहीत. ‘हिरण्मयीं लक्ष्मीं’ त्या वेळची, असं परंपरा सांगते.

१९४७ च्या कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. नर्तकींची सेवा संपली, आणि वादकांची घरंही विरळ झाली.

(जुन्या ग्रंथाचं पान, तेलुगू लिपी.)

दीक्षितरांचा शेवट झाला तमिळ मुलखाच्या दक्षिणेकडच्या एट्टयपुरमला, १८३५ च्या दिवाळीत. शिष्य ‘मीनाक्षि मे मुदं देहि’ गात होते. समाधी तिथेच आहे.

त्यांच्या कृती स्वरलिपीत उतरवल्या त्या सुब्बराम दीक्षितरांनी, धाकट्या भावाचे नातू आणि दत्तक पुत्र. ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ एट्टयपुरममध्येच छापली गेली, १९०४ मध्ये. त्याच वर्षी दक्षिणेच्या दौऱ्यावर असलेले पंडित भातखंडे सुब्बरामांना तिथे भेटले. रागांची मेळांत, म्हणजे स्वरांच्या मूळ चौकटींत, मांडणी करणाऱ्या वेंकटमखींच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाची प्रत भातखंड्यांना सुब्बरामांकडून मिळाली. पुढे भातखंड्यांनी हिंदुस्थानी रागांचे थाट मांडले त्यामागे हा मेळांचा अभ्यास होता.

(संध्याकाळ. पुन्हा कमलालयम. पायऱ्यांवर ओले कपडे, एक मुलगी पाण्यात पाय सोडून बसलेली. आतून नागस्वरम.)

सायंपूजेची वेळ झाली. आत आनंदभैरवी सुरू आहे.

(इथून पुढे निवेदन नाही.)