रिले टक वाजतो, मीटर 12 व्होल्ट दाखवतो, तरी काम होत नाही? लोड चालू ठेवून मोजा

नमस्कार मंडळी, सांगलीतल्या आपल्या वर्कशॉपमधून बोलतोय. गळीत हंगाम सुरू झालाय, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्याकडं चालल्यात आणि सकाळचा पहिला फोन ठरलेला असतो: "चावी मारली की नुसतं टक वाजतंय, सेल्फ फिरत नाही." सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर. कमेंट उघडाव्यात तर तिथंही तेच. कुणाचा हॉर्न, कुणाचा रेडिएटर फॅन, कुणाचा सेल्फ. शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखं: "रिले नवीन टाकला, मीटरला 12 व्होल्ट येतायत, आता काय बदलू?"

काहीच बदलू नका. आधी नीट मोजा. आजचा व्हिडिओ एवढ्यासाठीच आहे.

बेसिक पटकन उरकतो. रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच. त्यात दोन वेगळे रस्ते असतात आणि पायांना नंबर असतात. 85 आणि 86 मध्ये कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. तिला सप्लाय मिळाला की ती चुंबक होते आणि आतली पट्टी खेचते. पट्टी खेचली की 30 आणि 87 चे पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे भाग, जोडले जातात आणि मोठा करंट फॅनला, हॉर्नला जातो. पाचवा पाय असला तर तो 87ए, रिले बंद असताना 30 त्याला टेकलेला असतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्येही कॉइल आणि पॉइंटच असतात, फक्त मोठे. आणि तो बेंडिक्सही, म्हणजे इंजिनच्या दातांत बसणारं सेल्फचं गिअर, पुढं ढकलतो. झालं, हे बहुतेकांना माहीत आहे.

आता त्या टक आवाजाकडं या. टक कोण करतं? कॉइल. साध्या 12 व्होल्ट रिलेची कॉइल साधारण 70 ते 100 ओहमची असते, म्हणजे ती दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. आणि 30-87 मधून फॅनचे जायचेत पंधरा-वीस अँपिअर. टक वाजला म्हणजे कॉइलचा रस्ता चालू आहे, एवढंच कळलं. पॉइंट कसे आहेत हे अजून कळलेलंच नाही.

[रिले कॅमेऱ्याजवळ धरून]

हा बघा. एका छोट्या टेम्पोतून काढलाय, टोपण ब्लेडनं उचकटलंय. कॉइलची तार बघा, चकचकीत, कुठं काळी पडलेली नाही. आता हा पॉइंट बघा, जरा उजेडात धरतो. सपाट असायला पाहिजे, पण मधोमध खड्डा पडलाय आणि भोवती काळा कार्बन. खालचा हा 87 चा पाय बघा, तापून निळसर झालाय. हा रिले आत्तासुद्धा टक वाजतो. मीटर लावला तर 87 ला बारा-साडेबारा व्होल्ट दाखवतो. आणि फॅन जोडला की फॅन जागचा हलत नाही.

असं का होतं? मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम असतो. तो करंट जवळजवळ ओढतच नाही. आणि करंट वाहत नसेल तर जळालेल्या पॉइंटवर व्होल्टेज पडणार कसं? आपल्याकडं द्राक्षबागेत सगळ्यांनी बघितलंय: ड्रिपचा फिल्टर गच्च चोंदलाय, पण पुढचे सगळे कॉक बंद असले तर गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं. कॉक उघडला की काटा खाली. वायरिंगचंही तसंच. म्हणून सांगतो, लोड, म्हणजे फॅन-हॉर्न जे चालवायचंय ते, चालू ठेवून मोजा.

कसं मोजायचं? रिले बेसमध्येच, म्हणजे तो खोचलेल्या सॉकेटमध्येच, राहू द्या, फॅनचं बटण चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. लाल पिन 30 ला आणि काळी 87 ला. काळी पिन बॉडीला लावायची नाही! इथं हात आपोआप बॉडीकडं जातो, सवयच आहे तशी. आपल्याला व्होल्टेज किती आलं ते बघायचं नाहीये, मधल्या मध्ये किती हरवलं ते बघायचंय. पॉइंट चांगले असतील तर 0.1, फार तर 0.2 व्होल्ट. अर्धा व्होल्ट आला तर पॉइंट व्होल्टेज खाऊ लागलेत. आणि टक वाजूनही पूर्ण 12 आले तर पॉइंट जुळतच नाहीत.

एक काळजी घ्या. शून्य आला म्हणून लगेच रिले पास करू नका. पुढं फॅनची वायर तुटलेली असेल किंवा अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी, गेला असेल तर करंट वाहणारच नाही, तेव्हाही शून्यच येतो. म्हणून फॅनच्या कनेक्टरवर 12 आहेत का हेही बघायचं. शून्य आणि फॅन फिरतोय, तर रिले पास. शून्य आणि फॅन बंद, तर पुढं शोधा.

बेसमधल्या पायांना पिन पोचत नाही असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. जुना रिले घ्या, त्याच्या पायांना वायर सोल्डर करून बेसमध्ये खोचा, आणि वायरींच्या दुसऱ्या टोकाला रिकामा बेस लावून त्यात गाडीचा रिले बसवा. जुन्या रिलेचं आतलं सामान मात्र आधी काढून टाका. 30 आणि 87 च्या वायरी जाड घ्या, अडीच स्क्वेअरच्या. आता सगळं हातात येतं.

दुसरी बाजू. रिले चांगला असतो आणि बेस मेलेला असतो. आपल्या भागात हे जास्त. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली होती. 2021 ला पुन्हा पूर आला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, वाळवून रस्त्यावर आल्या, पण बेसच्या आत, थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या टर्मिनलच्या, आत जो गाळ आणि ओल बसली ती बसलीच. मिरजेकडची एक कार आली होती. फॅनचा रिले आधीच्या गॅरेजमध्ये बदलला, परत बदलला, मग फॅनची मोटरसुद्धा नवीन घातली. मालक बिचारा पैसे मोजून दमला होता. मीटरला 12 व्होल्ट. मी फॅनच्या कनेक्टरवर जुना हेडलाइटचा बल्ब लावला, 55 वॅटचा, साडेचार अँपिअर ओढतो. बल्ब मिणमिणला. बेस उपसून बघितला तर 87 च्या वायरीची क्रिंप, म्हणजे टर्मिनल दाबून बसवलेली जागा, हिरवी पडलेली, आठ-दहा तारांतल्या एक-दोनच शाबूत. वायर मागं सोलून नवीन टर्मिनल मारलं, खर्च चहापाण्याएवढा. त्याच्या आधी वाया गेलेल्या मोटरच्या पैशाचं मला फार वाईट वाटतं. बल्ब लावायला दोन मिनिटं लागतात हो!

बल्ब फक्त जाड, लोडच्या वायरींवर लावायचा. ईसीयूकडून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडून, रिलेच्या कॉइलला येणाऱ्या बारीक वायरीवर चुकूनही नाही, ईसीयू जाईल. तिथं मीटरच.

स्विचही असाच मोजायचा: चालू ठेवून, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पिनवर. आणि अर्थ: एक पिन फॅनच्या काळ्या वायरीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, फॅन चालू. इथंही 0.2 च्या वर आलं तर अर्थ खराब. "अर्थ दिलाय की, बोल्ट कसलाय" असं नका सांगू. रंगावर कसलेला बोल्ट दिसायला घट्टच असतो.

तिसरी बाजू सेल्फची, हंगामातली मोठी डोकेदुखी. आधी बॅटरी. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 दाखवते. पण तोही बिनलोडचाच आकडा. सेल्फ मारताना बघा, 9.6 च्या खाली गेली तर सोलेनॉइडला दोष देऊ नका. सलग टकटकटकटक वाजत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. सोलेनॉइड खेचतो, सेल्फ करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, परत खेचतो.

एकच दणकट टक आणि पुढं काही नाही, तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटर लावा, बॅटरीकडचा एक आणि मोटरकडचा एक. दुसऱ्याला चावी धरायला सांगा. सोलेनॉइड खेचलेला असताना पूर्ण व्होल्टेज दिसलं तर आतले तांब्याचे पॉइंट जळालेत. नगण्य दिसलं, तर मोटरच्या बोल्टवर दहा-अकरा व्होल्ट पोचतायत का बघा. पोचत असतील तर दोष मोटरच्या आत, कार्बन ब्रश, बुश, आर्मेचरमध्ये आहे.

आणि टक मुळातच मरगळलेला असेल तर सोलेनॉइडला चावीकडून येणाऱ्या बारीक वायरीवर, म्हणजे 50 नंबरच्या टोकावर, चावी धरून मोजा. ट्रॅक्टरमध्ये ही वायर चावीच्या स्विचमधून, न्यूट्रल स्विचमधून (गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ फिरू देणारा) फिरून येते. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं हरवत सोलेनॉइडपाशी सात-आठ व्होल्ट उरलेले मी बघितलेत. सोलेनॉइड बदलून काय होणार? जुने स्विच साफ करा किंवा बदला, नाहीतर सोलेनॉइडजवळ एक रिले टाका.

आता एक गोष्ट रागानं सांगणार आहे. "स्क्रू ड्रायव्हरनं सोलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करून चालू करतो, काही होत नाही" असं दर व्हिडिओखाली कुणीतरी लिहितं. तुम्ही शॉर्ट करता तेव्हा न्यूट्रल स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो चालू होतो आणि पुढं येतो, आणि तुम्ही मागच्या मोठ्या चाकासमोर उभे असता. यात माणसं गेलीत. शेतातल्या पोराला हे शिकवू नका, तो तुमचं बघून करतो. आत्ता जी मोजमापं सांगितली, तीही न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकाला दगड लावूनच.

दोन छोटी उत्तरं. सारखे दिसणारे रिले आंधळेपणानं अदलाबदल करू नका. काहींत 30 आणि 86 च्या जागा उलट असतात, अंगावरचा नकाशा वाचा. आत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर 86 ला प्लस आणि 85 ला मायनस, उलटा जोडला की फ्यूज उडतो. आणि ट्रकचा 24 व्होल्ट रिले कारमध्ये धड खेचत नाही, कारचा ट्रकमध्ये टाकला तर कॉइल जळते.

सेल्फचा प्रश्न लिहिताना कमेंटमध्ये एवढे आकडे द्या: बॅटरी उभी असताना, बॅटरी सेल्फ मारताना, सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये, आणि इंजिनची बॉडी ते बॅटरी मायनस. फॅन-हॉर्नवाल्यांनी 30-87 चा आकडा द्या, लोड चालू ठेवून घेतलेला. गाडी पुरातली असेल तर तेही लिहा. संध्याकाळी काम आवरलं की उत्तरं द्यायला बसतो.