दुपारी तीनची युती

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पक्षांच्या युत्या आणि आघाड्या मतदारावर अन्याय करतात का, असा प्रश्न तुम्ही आज मांडायला सांगितलात. उत्तर देणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत न्यायचं आहे, कारण युतीची घोषणा व्यासपीठावर झाली तरी तिचा निकाल त्या टेबलावर लागतो.

'एबी फॉर्म' हा शब्द आपण सगळे रोज ऐकतो. हे कागद दोन असतात. 'ए'मध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक माणसाला दिला आहे. त्या माणसाने उमेदवाराचं नाव ज्यात लिहून द्यायचं, तो 'बी'. दोन्हींवर शाईची मूळ सही लागते. शिक्क्याची सही किंवा झेरॉक्स चालत नाही. आणि हे कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. फॉर्म साडेतीनला आला की तो माणूस पक्षाचा उमेदवार राहत नाही, आणि सूचक एकच घेतला असेल तर छाननीत त्याचा अर्जही बाद होतो. म्हणून जाणता कार्यकर्ता दहा सह्या आधीच घेऊन ठेवतो.

मग जागावाटप शेवटच्या रात्रीपर्यंत का लोंबकळतं? कारण सरळ आहे. नाव आठ दिवस आधी जाहीर केलं, तर ज्याचं तिकीट कापलं तो समोरच्या पक्षात जाऊन तिथला एबी फॉर्म आणतो. शेवटच्या दुपारी कापलं, तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. उशीर होतो तो बंडखोराला कोंडण्यासाठी. कोंडला जातो मतदार.

२०२४च्या विधानसभेचं उदाहरण घ्या. अर्जांची मुदत २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर. कोल्हापूर उत्तरची जागा महाविकास आघाडीत काँग्रेसकडे आली. आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर झालं, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना उमेदवारी दिली गेली, आणि ४ तारखेला मुदत संपता संपता त्यांनी अर्ज मागे घेतला. अपक्ष म्हणून रिंगणात राहिलेल्या लाटकरांना मग काँग्रेसने पाठिंबा दिला. त्यांचं चिन्ह होतं प्रेशर कुकर.

आता हे मतदाराच्या बाजूने पाहा. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार असतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि सर्वांत खाली अपक्ष. आयुष्यभर 'हात' शोधणाऱ्याने वर पाहिलं तर हात नाहीच. खाली उतरत कुकर शोधायचा. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, आणि प्रचार थांबला १८ नोव्हेंबरला. म्हणजे नवं चिन्ह वाड्यावस्त्यांवर पोचवायला दोनच आठवडे.

कुणी म्हणेल, पर्यायी उमेदवाराची सोय आहे ना? आहे. बी फॉर्ममध्ये तसा रकानाच असतो. पण त्यात एक खाच आहे. पर्यायी उमेदवाराने एकाच सूचकावर अर्ज भरला असेल, तर छाननीत मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरताच पर्यायी माणसाचा अर्ज बाद होतो. पाच दिवसांनी मुख्य उमेदवाराने माघार घेतली, तर त्याच्या जागी उभा राहायला कुणी उरतच नाही. इथेही तोडगा तोच, दहा सूचकांचा. हे पक्षांच्या कचेऱ्यांमध्ये ठाऊक असतं, तरी दर वेळी विसरलं जातं, याची मला मनापासून चीड आहे.

त्याच निवडणुकीत सोलापूर दक्षिणमध्ये आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरे गटाचा होता. २० नोव्हेंबरला, मतदान चालू असताना, काँग्रेसच्या सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केला. सकाळी सातला मत देऊन घरी गेलेल्या आघाडीच्या मतदाराने आता काय करायचं?

सांगली मात्र उलट धडा देते. २०२४च्या लोकसभेला ही काँग्रेसची जुनी जागा ठाकरे गटाला गेली. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत गेली, म्हणजे वैध मतांचा सहावा हिस्साही मिळाला नाही. तिथे वाटप मतदानाच्या बरंच आधी कळलं होतं. लोकांना विचार करायला वेळ मिळाला आणि त्यांनी ते वाटप फेटाळलं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मूळ प्रश्न भरभर घेतो.

युतीने पर्याय कमी होतात, याला मी अन्याय म्हणत नाही. उमेदवार न देण्याचं स्वातंत्र्य पक्षाला आहे, आणि मत कुणी कुणाला 'वळवून' देऊ शकत नाही, हे सांगलीने दाखवलं. अन्याय दोन ठिकाणी होतो: वेळेत न सांगण्यात, आणि सांगितलेलं मोडण्यात. २०१९ला भाजप १०५ आणि शिवसेना ५६, मिळून १६१. बहुमताला १४५ पुरत होते. तरी सरकार झालं नाही. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटायचं ठरलं होतं, असं एक पक्ष म्हणाला. ठरलं नव्हतं, असं दुसरा. ज्यांनी मतं दिली त्यांच्यासमोर ठरलेल्याचा कागद कधी आलाच नाही. १९९९ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढून एकत्र सत्तेत बसले. २०१७ला गोव्यात भाजपविरुद्ध मतं मागणाऱ्या गोवा फॉरवर्डचे तिन्ही आमदार भाजपच्या सरकारात गेले.

कायदा इथे गप्प आहे. आघाड्यांचं नियमन करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं निवडणूक आयोगाने २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. केंद्र-राज्य संबंध तपासायला नेमलेल्या दोन आयोगांपैकी सरकारिया आयोगाने निवडणूकपूर्व आघाडीला सरकार बनवण्यासाठी पहिलं निमंत्रण द्या म्हटलं, पुंछी आयोगाने तिला एकच पक्ष माना म्हटलं. पण आघाडी झाली होती, याचा पुरावा राज्यपालांनी कुठून आणायचा? सभेच्या फलकावरून?

म्हणून माझी मागणी एका कलमाची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहा, की अधिसूचनेच्या दिवसापर्यंत आघाडीने मतदारसंघनिहाय यादी आणि सत्तावाटपाचा करार, दोन्ही सह्यांनिशी आयोगाकडे द्यावेत आणि आयोगाने ते प्रसिद्ध करावेत. यादी दिली नाही, तर प्रचारात आघाडीचं नाव वापरता येणार नाही. करार मोडला, तर मोडणाऱ्याने निमंत्रणाच्या रांगेत शेवटी उभं राहायचं.

दुसरा मार्ग तुमच्यातल्या पदवीधरांनी वापरलेला आहे. विधान परिषदेला केंद्रावरचं जांभळं पेन घेऊन तुम्ही १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिता. पहिली पसंती आपल्या पक्षाला, दुसरी त्याच्या मित्राला. ती पद्धत विधानसभेला आणायची तर एक बटण दाबताच मत पुरं करणारं आपलं यंत्र बदलावं लागेल. त्याला वर्षं लागतील. कलमाला एक अधिवेशन पुरे.