पांढरी एकपासून पुन्हा

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. त्याच्या हातचं काहीतरी मात्र ऐकलं असण्याची दाट शक्यता आहे. २००७च्या सुमारास ज्यांच्या घरी किंवा हिंजवडीच्या ऑफिसात विंडोज व्हिस्टा आलं, त्यांना आठवत असेल, संगणक सुरू केला की चार-पाच सेकंदांचा एक हलका, पसरत जाणारा नाद यायचा. त्याच्या घडणीत फ्रिपचा हात होता. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या त्याच्याच एका विद्यार्थ्यानं त्याला बोलावून घेतलं होतं. पण आज मला बोलायचंय ते या माणसाच्या शिकवण्याबद्दल. मी इथं पुण्यात गिटार शिकवतो, त्यामुळे माझी नजर थोडी धंद्याची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

फ्रिपचा जन्म १९४६ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या डॉर्सेटमधल्या विंबोर्न या छोट्या गावातला. अकराव्या वर्षी नाताळात गिटार हातात आली. हा माणूस स्वतःबद्दल सांगत आलाय की, सुरुवातीला मला ना सुराचा कान होता, ना लयीची जाण. त्यातून डावखुरा, आणि गिटार वाजवतो उजव्या हातानं. आपल्याकडे अशा मुलाच्या आईला पहिल्या महिन्यातच सांगितलं असतं, ‘याला कान नाहीये हो, चित्रकलेला घाला.’ मला वाटतं, पुढे तो ज्या पद्धतीचा शिक्षक झाला त्याची मुळं इथंच आहेत. ज्याला सूर जन्मतः मिळाला त्याला तो कसा मिळाला हे सांगता येत नाही. ज्याला एकेक पायरी खोदून काढावी लागली, त्याला विद्यार्थ्याचा पाय नेमका कुठं घसरणार ते ठाऊक असतं.

कारकिर्दीचा पूर्वार्ध भराभर सांगतो. वडिलांच्या जमीनजुमल्याच्या व्यवसायात थोडं काम, एका हॉटेलच्या नृत्यवाद्यवृंदात थोडी नोकरी, आणि १९६९च्या जानेवारीत किंग क्रिमझन हा बँड. त्याच वर्षी ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी हा नवखा बँड प्रचंड गर्दीपुढे वाजला आणि नाव झालं. रॉक संगीत म्हणजे उभं राहून, अंग हलवून वाजवायचं, असा तो काळ. फ्रिप स्टुलावर बसून वाजवायचा, पुढंही बसूनच वाजवत राहिला. तिकडे याची चर्चा झाली. सवाई गंधर्वला जाणाऱ्या पुणेकराला यात चर्चा करण्यासारखं काय आहे, असाच प्रश्न पडेल.

पुढचा टप्पा मात्र सावकाश ऐका, विशेषतः ज्यांनी आकाशवाणीच्या स्टुडिओत स्पूलवरच्या टेप फिरताना पाहिल्यात त्यांनी. दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी, मध्ये थोडं अंतर. टेप पहिल्या यंत्रावरून निघते आणि दुसऱ्या यंत्राच्या रिळावर जाऊन गुंडाळली जाते. तुम्ही वाजवलेला सूर पहिलं यंत्र ध्वनिमुद्रित करतं. टेपचा तोच तुकडा काही सेकंदांनी दुसऱ्या यंत्रापाशी पोचला की तिथून तो वाजतो, आणि हा आवाज पुन्हा पहिल्या यंत्राकडे पाठवलेला असतो. म्हणजे तो सूर परत मुद्रित होतो, परत येतो, दर फेरीला थोडा धूसर होत जातो, आणि तोवर तुम्ही त्यावर नवा सूर ठेवलेला असतो. दोन यंत्रांतलं अंतर वाढवलं की सूर परतायला जास्त वेळ लागतो. युक्ती फ्रिपची नव्हे, ती ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं त्याला दाखवली. दोघांचं त्यावरचं काम १९७३ साली प्रसिद्ध झालं. १९७९ साली फ्रिप हीच सामग्री घेऊन एकटाच हिंडला. मोठी सभागृहं टाळून रेकॉर्डच्या दुकानांत, खानावळींत, कँटीनमध्ये वाजवत राहिला.

प्रयोग म्हणून हे गमतीचं आहेच, पण शिक्षक म्हणून मला त्यातलं दुसरंच काही दिसतं. या व्यवस्थेत वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर काही क्षणांनी श्रोता होऊन ऐकावाच लागतो. बेसूर लागला असेल तर तो पुन्हा पुन्हा येऊन तोंडासमोर उभा राहतो. आपण विद्यार्थ्याला ‘स्वतःला ऐक’ असं वर्षानुवर्षं ओरडून सांगतो. इथं त्या दोन यंत्रांनी ते करूनच घेतलं.

मध्ये एक वळण आहे. १९७४ साली बँड जोरात असताना फ्रिपनं तो बंद केला, आणि पुढच्या वर्षी ग्लॉस्टरशरमधल्या शेरबोर्न हाऊस नावाच्या निवासी शाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन राहिला. गुर्जिएफ या अध्यात्मगुरूचे शिष्य जे. जी. बेनेट यांनी ती काढली होती. तिथं संगीत हा विषय नव्हता. झाडलोट, स्वयंपाक, अंगमेहनत, आणि प्रत्येक काम करताना आपलं लक्ष कुठं आहे याचा शोध, असा दिनक्रम. नेमक्या त्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतली मंडळी कशाकशाच्या शोधात आपल्या कोरेगाव पार्कात येऊन दाखल होत होती. हा गडी इंग्लंडातच भांडी घासत राहिला.

आणि पुण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९७५ सालीच मॉडेल कॉलनीजवळ बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था सुरू झाली. त्यांचे एक नामवंत विद्यार्थी होते व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन. दोघांची भेट १९५२ सालची, मुंबईतली. जगभर गाजलेला वादक आसनं शिकायला बसतो, कारण गजाचा हात नीट चालायचा तर खांदा, पाठ, श्वास सगळं जागेवर लागतं. फ्रिपच्या वर्गात पुढे अलेक्झांडर तंत्र नावाची शरीराच्या ठेवणीची पद्धत शिकवली जायची, ती याच विचारानं. बोटाचं दुखणं बऱ्याचदा मानेत असतं. आपल्या क्लासेसमध्ये मुलं गिटारवर कुबड काढून बसतात आणि आपण त्यांच्या बोटांकडे बघत राहतो.

आता मुख्य गोष्ट. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये, वाफेच्या स्नानगृहात बसलेला असताना, फ्रिपच्या डोक्यात गिटारच्या तारा लावण्याची एक वेगळी रीत आली. हार्मोनियमच्या भाषेत सांगतो. रोजच्या गिटारच्या तारा खालून वर अशा लागतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचं नातं, फक्त एका ठिकाणी षड्ज-गंधाराचं. फ्रिपनं लावल्या त्या अशा: खर्जातली पांढरी एक, मग पाच, दोन, सहा, तीन, आणि शेवटची पुन्हा पाच. म्हणजे चार जागी सरळ षड्ज-पंचम, आणि शेवटी कोमल गंधार. खालच्या चार तारा हुबेहूब चेलोच्या. शेवटचीही पंचमातच, म्हणजे पांढरी सातला न्यायची होती, पण इतकी चढवली की तार तुटते. म्हणून ती पाचवर थांबली.

षड्ज-पंचम संवादाचं महत्त्व मी पुण्याच्या श्रोत्यांना काय सांगू! तानपुऱ्यातली जोडाची तार आणि पंचम एकमेकांत मिसळले की खोली कशी भरते, ते तुम्ही ऐकलेलं आहे. मात्र या लावणीत आवाज छान घुमतो म्हणून मी तिचं कौतुक करत नाहीये. मला पटलेला गुण वेगळाच आहे. या लावणीत वीस वर्षं गिटार वाजवणाऱ्याला साधा सी मेजर कॉर्डही जुन्या बोटांनी धरता येत नाही. स्केल, ठेवणीतल्या करामती, गॅदरिंगला टाळ्या घेणारी ती एक लांबलचक सोलो, सगळं एका झटक्यात निकामी. शेजारी पहिल्यांदाच गिटार धरलेला माणूस बसलाय आणि दोघं एकाच जागी उभे आहेत.

मार्च १९८५मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, क्लेमाँट नावाच्या जुन्या हवेलीत, फ्रिपनं पहिला निवासी वर्ग घेतला. नाव ठेवलं ‘गिटार क्राफ्ट’. त्यात मुरलेले वादक होते आणि नवखेही. सकाळी अर्धा तास शांत बसायचं. घरातली कामं वाटून घ्यायची. मग गिटार. तीही आधी कितीतरी वेळ उजवा हातच. मनगट कुठं टेकतंय, प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती, किती घट्ट धरलंय, तार छेडायला लागतो त्याहून जास्त जोर कुठं वाया जातोय. आपल्याकडच्या जुन्या सतारियांना यात नवल वाटणार नाही. मिझराबीचा ‘दा रा’ ते महिनोन्महिने घोटून घेत. गिटारच्या क्लासला मात्र कुणी महिनाभर नुसता उजवा हात शिकवला तर दुसऱ्या महिन्यात फी येणार नाही.

या वर्गातला मला सर्वात आवडलेला प्रकार म्हणजे वर्तुळ. सगळे गोलात बसतात. एकानं एकच सूर वाजवायचा, मग शेजाऱ्यानं एक, मग त्याच्या शेजाऱ्यानं. सूर फिरत राहतो. धून कुणा एकाची नसते, ती खोलीत फिरते. ऐकायला पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात मी माझ्या वर्गात करून पाहिलं तेव्हा कळलं, सगळ्यात त्रास होतो तो सगळ्यात तयारीच्या मुलाला. त्याला एक सूर पुरत नाही. त्याला शेजाऱ्याची वाट बघवत नाही. उलट जी मुलगी दोन महिन्यांपूर्वी आली, ती कान टवकारून बसते आणि तिचा सूर अचूक वेळेवर पडतो.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, तिथं हे तत्त्व पुण्यानं केव्हाच स्वीकारलंय. तिथं नवा पोरगा पहिल्या दिवसापासून रांगेत असतो. ताशा ऐकायचा, शेजारच्याचा टिपरू बघायचा, ठोका चुकला तर पुढच्या आवर्तनात सामील व्हायचं. एकट्याला समोर बसवून ‘आता वाजवून दाखव’ असं कुणी म्हणत नाही. गिटारला आपण उगाच एकांतातलं वाद्य करून ठेवलंय. मुलगा दार बंद करून मोबाईलवरची टॅब, म्हणजे बोटं कुठं ठेवायची ते दाखवणारं लेखन, बघत बसतो, आणि परीक्षेला येतो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाबरोबर वाजवत असतो.

क्लेमाँटच्या वर्गात अचानक फर्मान निघायचं, तुमच्या गटानं जेवणाच्या वेळी नवं काही वाजवायचं. तयारीला जेमतेम वेळ. पुढे हेच विद्यार्थी जवळपासच्या गावांतही जाऊन वाजवू लागले. त्यातून एक बेल्जियन, एक जपानी आणि एक अमेरिकन अशा तिघांचं कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ १९९१ साली उभं राहिलं, ते पुढं जगभर फिरलं.

फ्रिपचं सगळंच मला मान्य आहे असं समजू नका. त्याला सुभाषितं करायची फार खोड. दोन ओळींत काहीतरी गूढ सांगायचं आणि गप्प बसायचं. चार-पाच वाचली की छान वाटतं, पंधरा वाचली की कंटाळा येतो. शिवाय स्वभाव कडक. किंग क्रिमझनच्या शेवटच्या काही दौऱ्यांत फोटो काढू नका अशा पाट्या असायच्या. अगदी शेवटी बेसवादक टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा उचले, तेव्हाच प्रेक्षकांनाही मुभा. सदाशिव पेठेत या माणसाला घर घेताना काही अडचण आली नसती. पण हाच माणूस १९९२ साली ध्वनिमुद्रणाची कंपनी काढतो आणि ठरवतो की कंपनी कलाकाराच्या कृतीचा हक्क स्वतःकडे घेणार नाही, तो कलाकाराचाच राहील. त्याच काळात जुन्या व्यवस्थापनाशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. तेव्हा तो कडकपणा सगळाच वायफळ नव्हता.

आणि २०१०च्या मार्चमध्ये, बरोबर पंचवीस वर्षांनी, त्यानं ‘गिटार क्राफ्ट’ हे नाव आणि तो उपक्रम अधिकृतपणे संपवला. काम ‘गिटार सर्कल’ म्हणून चालू राहिलं. आपल्याकडे संस्था रौप्यमहोत्सव करते आणि कोनशिला बसवते.

क्लास चालवणाऱ्या माझ्या मित्रांनी हरकत घ्यावी, ती रास्तच आहे. पालक फी भरतात, मुलाला मे महिन्यापर्यंत दोन गाणी यायला हवी असतात, आणि निवासी वर्गाला आपल्याकडे ना जागा ना सवड. खरं आहे. दोन गाणी शिकवाच. फक्त आठवड्यातली शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांना गोलात बसवा आणि यमनचा आरोह एकेक सूर वाटून फिरवा. नि, रे, ग, तीव्र म, ध, नि, सां. सात मुलं असतील तर प्रत्येकाला दर फेरीत एकच सूर येईल, आणि मग काहीजण आपलाच सूर पाठ करून झोपा काढतील. म्हणून सहा किंवा आठजण बसवा. दर फेरीला प्रत्येकाचा सूर बदलतो आणि ऐकल्यावाचून सुटका नसते.

ज्यांना ती नवी लावणी करून बघायचीय त्यांना एक सूचना. घरच्या गिटारवर आहेत त्याच तारा पिळू नका. वरच्या दोन तुटतील आणि खालच्या ढिल्या पडून फ्रेटवर खडखडतील. दुकानात जाऊन वरच्यासाठी नेहमीपेक्षा बारीक आणि खर्जातल्या तारेसाठी चांगली जाड तार वेगळी मागा. आणि तार चढवताना तोंड गिटारपासून लांब ठेवा.

नमस्कार.