ध्रुवपद नसलेले गाणे

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी एका गाण्याविषयी बोलणार आहे, पण ते गाणाऱ्यांपेक्षा ते ऐकणाऱ्यांविषयी अधिक.

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ब्रिटनमध्ये तबकडीवर आले. रेडिओवर वाजणारे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावे, अशी त्या काळची रीत होती आणि हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते. शिवाय त्याला ध्रुवपदच नाही. आरंभी वाद्यांशिवाय गायलेल्या काही ओळी, मग पियानोच्या साथीने एका तरुणाने आपल्या आईजवळ दिलेली खुनाची कबुली, त्यानंतर गिटार आणि मग अचानक ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या, ढंगाचा सवालजवाब. त्यातून उसळणारे दणदणीत रॉक आणि शेवटी सारे निववत नेणारी सुरावट, असा त्याचा घाट आहे. तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीतील मंडळींना ते इतके लांब गाणे चालेल असे वाटत नव्हते आणि ते कापून लहान करण्याची सूचना पुढे आली. बँडने ती मानली नाही.

हे गाणे रचणारा फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारुख बलसारा. झांझिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला आणि तिथल्याच मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. त्यामुळे आपल्याकडे या गाण्याविषयी आपलेपणाने बोलले जाते आणि ते स्वाभाविकच आहे. गाणे घडले मात्र वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत आणि नंतर लंडनच्या स्टुडिओंमध्ये. ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते फ्रेडी आणि बँडमधले त्याचे साथी ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांचेच आवाज आहेत. एकावर एक थर चढवत हे ध्वनिमुद्रण सुमारे तीन आठवडे चालले. तीच फीत यंत्रावरून पुन्हा पुन्हा फिरल्याने इतकी झिजली की, उजेडासमोर धरली असता तिच्यातून आरपार दिसू लागले, असे या मंडळींनी पुढे सांगितले आहे. इतक्या कष्टाने घडवलेला भाग कात्रीखाली जाऊ न देणे हा हट्ट नव्हता. आपल्या कामाची ती रास्त राखण होती, असे मला वाटते.

आणि इथे रेडिओ त्यांच्या मदतीला आला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट हा फ्रेडीचा मित्र होता. त्याच्या हाती या गाण्याची प्रत आली, ती प्रसारित करायची नाही या अटीवर. त्याने आधी तुकडे ऐकवून श्रोत्यांची उत्सुकता वाढवली, मग संपूर्ण गाणेच लावले आणि एका शनिवार-रविवारी ते १४ वेळा वाजवले. लोक दुकानांत जाऊन तबकडी मागू लागले, तेव्हा ती अजून बाजारातही आलेली नव्हती. कोणते गाणे आपल्याला 'पेलेल' हे इतरांनी ठरवायचे नसते, हे त्या श्रोत्यांनी एका आठवड्याच्या आत दाखवून दिले, याचे मला रेडिओवर बोलणारा माणूस म्हणून फार अप्रूप वाटते.

समीक्षकांचे एकमत नव्हते, पण गाणे ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याची जागा १९७६च्या जानेवारीत घेतली ती 'ॲबा' या स्वीडिश बँडच्या 'मामा मिया' या गाण्याने, आणि गंमत अशी की, 'मामा मिया' हे शब्द 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरातही आहेत. 'बिस्मिल्ला', 'गॅलिलिओ', 'स्कारामूश' असे शब्दही तिथे येतात. त्यांचा उलगडा फ्रेडीने कधी केला नाही. ऐकणाऱ्याने आपला अर्थ आपण लावावा, अशी त्याची भूमिका होती.

गंमत म्हणजे हा ऑपेराचा भाग खुद्द बँडलाही मंचावर उभा करता येत नसे. तेवढा वेळ कलावंत आत जात, ध्वनिफीत वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताच ते पुन्हा बाहेर येत. १९८५ साली लंडनमधील वेम्बली येथील 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या मैफलीत तर त्यांनी केवळ पियानोचा आरंभीचा भाग गायला. श्रोत्यांनी मात्र नेमका तो अवघड भागच उचलून धरला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचे एड्समुळे निधन झाल्यावर गाणे ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत ते १९७६ साली नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते; १९९२ साली 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटामुळे ते दुसऱ्या क्रमांकावर आले. त्या चित्रपटात गाडीत दाटीवाटीने बसलेले पाच मित्र ऑपेराच्या ओळी आपसांत वाटून घेऊन गातात आणि रॉक सुरू होताच माना झटकू लागतात.

२०१७च्या जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'ग्रीन डे' या बँडची वाट पाहत सुमारे ६५,००० लोक उभे होते. मंचावर कोणीही नसताना ध्वनिक्षेपकावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लागले आणि त्या साऱ्या जमावाने ते पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत गायले, ऑपेरासकट.