अमेरिकेचा मतदार आणि एक रकाना

बसा, बसा, पुढे खुर्च्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय 'अमेरिकेचा मतदार: वर्ण आणि वंश'. त्याच्याकडे येतोच. आधी रकान्याबद्दल बोलू द्या, फार दिवस पोटात आहे.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. जनगणनेचा फॉर्म भरताना त्याचा फोन, "काका, आपण कोण?" म्हटलं, "कऱ्हाडचे." तर म्हणतो, "तसा रकाना नाहीये." (हशा)

हसताय, पण १९२० ते १९४० च्या तिथल्या जनगणनांत आपल्या माणसांचा वंश 'हिंदू' लिहीत. शीख असो, मुसलमान असो, वंश हिंदू! १९७० साली आपल्याला गोऱ्यांत धरलं. १९८० पासून 'एशियन इंडियन'. कातडी तीच, रकाने तेवढे फिरले.

आणि या रकान्यावर मत अवलंबून होतं. १७९० चा कायदा म्हणे, नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशीयाला. भगतसिंग थिंद, अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला शीख माणूस, कोर्टात म्हणाला, मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे तेव्हाच्या वंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियन, म्हणजे गोरा. बघा, आपल्या माणसाने जात बोटीत घालून नेली ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत! तीनच महिन्यांपूर्वी ओझावा या जपानी माणसाला त्याच न्यायालयाने सांगितलं होतं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. आता १९२३ मध्ये थिंदला सांगितलं, असशील कॉकेशियन, पण सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, सदरलँड. आधी शास्त्र, मग गल्लीतला माणूस. आपल्याला नागरिक होण्याची वाट मोकळी झाली १९४६ मध्ये. वाटेत चिनी लोकांचं... नको, ते राहू दे, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं.

तर मूळ मुद्दा, पटकन. लोकसंख्या म्हणजे मतदार नव्हे. मध्ये दोन चाळण्या: अठरा वर्षं वय आणि नागरिकत्व. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे मुळातले मेक्सिको वगैरे स्पॅनिशभाषक देशांकडचे, १८.७ टक्के, मतास पात्र लोकांत मात्र सुमारे १३. त्यांच्यात पोरंटोरं जास्त, आणि मोठ्यांतही बरेचजण नागरिक नाहीत. हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं उलट: लोकसंख्येत ५७.८, पात्र मतदारांत जवळपास ६७. कृष्णवर्णीय बहुतेक तिथेच जन्मलेले, त्यामुळे चाळणीत फारसे गळत नाहीत. आशियाई पात्र मतदारांत मात्र बाहेर जन्मून पुढे नागरिक झालेलेच जास्त.

आणि रकाना बघून मत पडतं असंही नाही. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटकडून संसदेत गेले. त्या शहरात तीन चतुर्थांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. यावर तासभर बोलणार होतो.

पुतण्याचं राहिलंच. त्याने 'एशियन इंडियन'वर खूण केली, जनगणनेत मोजला गेला. पण ग्रीन कार्डावर आहे, मत नाही. मत आहे ते कऱ्हाडला, आणि त्या दिवशी हा न्यू जर्सीत.

चहा आलाय वाटतं.