एक शिट्टी, मग बारीक

(पडदा काळा. कुकरच्या शिट्ट्या. एक. दोन. तीन.)

"तीन झाल्या ना? अजून एक होऊ दे, डाळ जुनी आहे." आतल्या खोलीतून आई.

खनिज तेल म्हटलं की डोळ्यांपुढे पेट्रोल पंप येतो. पण सकाळी स्कूटरला किल्ली लावायच्या तासभर आधीच आपला दिवस तेलावर सुरू झालेला असतो. ओट्याखालचं हे लाल सिलिंडर. आत 14.2 किलो प्रोपेन आणि ब्यूटेन, दाबाखाली द्रव करून भरलेलं. काही तेलशुद्धीकरणातून निघतं, काही नैसर्गिक वायूतून. मुंबईत माहुलला 1950 च्या दशकापासून रिफायनऱ्या आहेत, बॉम्बे हायला 1974 मध्ये तेल लागलं. तरी देशात जळणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून जास्त आजही जहाजातून येतो, मुख्यतः आखातातून.

(कॅमेरा कुकरच्या झाकणाजवळ.)

आता ही शिट्टी बघा. वजन उचललं जातं, वाफ फस्सकन सुटते. आत तेव्हा साधारण 120 अंश तापमान असतं, आणि ज्योत कितीही मोठी केली तरी ते फारसं पुढे सरकत नाही. जादा उष्णतेची वाफ होते आणि खिडकीतून जाते. डाळ शिजते तापमानाने. शिट्ट्या आपण उगाच मोजतो. म्हणून तूर डाळ अर्धा तास भिजवायची, पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक, वजन नुसतं कुरकुरेल इतका. दहा मिनिटांनी बंद. दाब उतरून झाकण सुटेपर्यंत आत शिजणं चालूच राहतं.

"पण शिट्टी नाही तर कळायचं कसं?" आईचा प्रश्न रास्त होता. पहिल्या दिवशी तिने डावाच्या पाठीने डाळ दाबून पाहिली. घोटली गेली. काही बोलली नाही, फोडणीला लागली.

गॅस वाचवण्यात पुण्यात याच्याही पुढे गेलेली माणसं आहेत. डॉ. आनंद कर्वे यांच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या 'आरती' संस्थेने शेतात जाळून टाकला जाणारा उसाचा पाचट घेऊन त्याचा कोळसा केला. 2002 मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या, वाफेवर शिजवणाऱ्या सराई कुकरमध्ये जेमतेम 100 ग्रॅम कोळशावर घरचा वरणभात होतो. फ्लॅटच्या ओट्यापाशी मात्र कोळसा पेटवू नका, हवा खेळती लागते.

आमची स्कूटर अजून पेट्रोलवरच आहे, ते कबूल.

(भिंतीवरचं कॅलेंडर.)

सिलिंडर लावलं की आई तारखेवर पेनने बारीक 'गॅस' लिहिते. मागची पानं उलटून तिनेच दिवस मोजले. आधीचं 38 दिवस पुरलं होतं. हे 46.

शेजारच्या काकू परवा दारातून डोकावल्या. "काय हो, आज कुकर लावला नाहीत?"