विग खपतो, घाई खपत नाही

(नागपुरातल्या एका वाचनालयात ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आवडत्या ॲनिमेवर खऱ्या माणसांना घेऊन चित्रपट निघतोय अशी बातमी आली, की तुमच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो ते मला ठाऊक आहे. ‘झालं, आता याचीही वाट लावणार बे!’ अजून पोस्टरही आलेलं नसतं.

हा राग मला पोरकट वाटत नाही. २००९चा ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ ज्यांनी पाहिलाय, त्यांचा तो हक्कच आहे. त्याचे पटकथाकार बेन रॅमझी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची चक्क माफी मागितली. आपण ते काम चाहता म्हणून नव्हे, तर मोठ्या मानधनाकडे बघून घेतलं, हेही कबूल केलं. पण असा कबुली देणारा आरोपी दर वेळी सापडत नाही.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ घ्या. एडवर्ड आणि त्याचा भाऊ अल्फॉन्स, ज्याचा नुसता आत्मा एका चिलखतात उरलाय, यांची गोष्ट. २०१७चा चित्रपट, दिग्दर्शक फुमिहिको सोरी. सगळे जपानीच, म्हणजे परक्यांनी बिघडवलं म्हणायची सोय नाही. चित्रीकरणासाठी मंडळी इटलीपर्यंत गेली. लाल कोट, सोनेरी केस, लोखंडी हात, सगळं जागच्या जागी. आणि पडद्यावर सगळ्यात जिवंत कोण वाटतं? अल्फॉन्स! संगणकावर केलेलं पोकळ चिलखत. मेख इथेच आहे. चिलखताला चेहरा नाही, म्हणून आपण मनातला अल्फॉन्स त्यात बसवतो. एडवर्डला मात्र चेहरा आहे, वर विग आहे, आणि कपाळाकडे विगची कड शोधत आपण बसलेलो असतो.

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुढाऱ्यांचे वगैरे पुतळे, निघतात, ते तुम्ही लहानपणापासून बघता. बांबू, कागद, रंग. डोकं धडाच्या दुप्पट. पुढारी कोण ते लांबूनच ओळखू येतं आणि ‘नाक जमलं नाही’ असं कुणी म्हणत नाही. त्याच गाड्यावर तसाच मुखवटा चढवून जिता माणूस उभा करा, की लगेच चुका दिसायला लागतील.

चेहऱ्याचं झालं. त्याहून मोठी गोष्ट वेळेची.

ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ मालिका १९६३ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा हातात पैसा कमी आणि दर आठवड्याला भाग द्यायचा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. त्यांनी एकच चित्र तीन-तीन फ्रेम वापरलं, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं. कुठे नुसते ओठ हलवले, कुठे चित्र तसंच ठेवून कॅमेरा सरकवला. काटकसरीतून आलेल्या या सवयीचीच पुढे शैली झाली. नायक उडी मारतो, हवेत थांबतो, मागचं सगळं जग नुसत्या रेषा होऊन जातं, आणि पाय जमिनीला टेकायच्या आत त्याचं अर्धं आयुष्य आठवून होतं. आपल्याला हे खटकत नाही, कारण चित्राला वजन नसतं. माणसाला तारेवर टांगून तेच करा. तो लटकलेला दिसतो, दुसरं काय!

आणि मग कात्री. ‘फुलमेटल’च्या लेखिका अराकावा यांच्या मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, २७ खंड, त्यावरच्या ‘ब्रदरहूड’ या ॲनिमे मालिकेचे ६४ भाग; चित्रपटाला सव्वादोन तास. कथानक कसंबसं मावतं, पण दोन भाऊ आगगाडीत बसून काही न बोलता बाहेर बघतात, असली जागा पहिल्यांदा कापली जाते. जीव तर आपण तिथेच लावलेला असतो.

‘काउबॉय बीबॉप’ या ॲनिमेवर २०२१ मध्ये खऱ्या माणसांची मालिका आली, तिचंही हेच झालं. संगीतकार योको कान्नो, मूळ मालिकेच्याच. तरी तीन आठवड्यांच्या आत नेटफ्लिक्सनं मालिका गुंडाळली. मूळ भाग साधारण चोवीस मिनिटांचे आणि त्यात भरपूर शांतता. इथे भाग दुप्पट लांब, पण बडबड थांबेना. म्हणजे नुसती लांबी वाढवूनही भागत नाही, हे मला मान्य आहे.

जमलं कुणाला? २०१२च्या ‘रुरौनी केनशिन’ या चित्रपटाला. केंजी तानिगाकी यांनी हाणामारी बसवली ती चित्रातल्या उड्या बाजूला ठेवून, धावणाऱ्या, घसरणाऱ्या, धापा टाकणाऱ्या शरीरांसाठी. अर्थात, तिथे मेइजी काळातला खराखुरा जपान पायाखाली होता. जादूची दुनिया उभी करायची नव्हती. म्हणून २०२३च्या ‘वन पीस’ या मालिकेचं मला जास्त कौतुक. नायकाचा रबरासारखा ताणला जाणारा हात दाखवायचा म्हणजे हसं व्हायचीच भीती. त्यांनी तो मोजकाच ताणला, जहाजं केप टाउनमध्ये खरीच बांधली, आणि मूळ मांगाकार ओडा यांना खुद्द विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. शिवाय आठ भाग मिळाले. त्यात ही पोरं एकमेकांशी भांडतात, जेवतात, रुसतात.

‘फुलमेटल’ला असे आठ भाग मिळाले असते, तर तो विग खपला असता का? मला विचाराल तर खपला असता. तिसऱ्या भागापर्यंत आपण त्याच्याकडे बघणंच सोडलं असतं.